दोन दिवसांच्या कार्यशाळेतला गेलेला एक दिवस: भरती-ओहोटीच्या एका सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलेशनचा प्रकरण अभ्यास

मांडवी व झुआरी या नद्या आणि त्यांना जोडणारा कुंभारजुवे कालवा यांच्या पात्रात पाण्याची पातळी आणि खारेपणा तासागणिक किती राहील, याचा अंदाज बांधणारे एक सॉफ्टवेअर आमचा चार जणांचा गट गोव्यातील एका संस्थेत बरीच वर्षे वापरत होता. ते बाहेरच्यांना वापरता यावे अशी मागणी दोन बाजूंनी आली. पर्यावरणशास्त्र आणि भूगोल शिकवणाऱ्या प्राध्यापकांना ते विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांसाठी हवे होते, आणि खाजनांची देखभाल करणाऱ्या काही कूळ संघटनांच्या प्रतिनिधींना ते मानशीच्या दारांसाठी हवे होते. त्या निमित्ताने 2024 च्या पावसाळ्यात आम्ही फोंडा तालुक्यातील एका महाविद्यालयात दोन दिवसांची कार्यशाळा घेतली. तिचा पहिला दिवस सॉफ्टवेअर संगणकावर उतरवण्यातच गेला आणि तरीही ते बहुतेकांकडे उतरले नाही. असे का झाले, त्यावर आम्ही काय केले आणि त्यातले काय अजून अपुरे आहे, याची ही नोंद आहे.

गोव्याबाहेरच्या वाचकासाठी एवढे सांगणे आवश्यक आहे, की खाजन म्हणजे खाडीकाठची, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन. बांधात बसवलेले मानशीचे लाकडी दार भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटते आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. पावसाळ्यात शेतात साचलेले पाणी बाहेर जायला तेवढीच काही तासांची संधी असते. भरतीचा मुख्य घटक 12 तास 25 मिनिटांनी फिरून येत असल्यामुळे ही संधी रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, आणि मांडवीत भरती सुमारे 50 किलोमीटर आतपर्यंत पोहोचत असल्यामुळे मांडवीतल्या दिवाडी बेटाची वेळ त्याहून आतल्या गावाला जशीच्या तशी लागू पडत नाही. समुद्राच्या तोंडाशी असलेल्या बंदराच्या छापील तक्त्यावरून जे कळत नाही ते आमच्या प्रोग्रामने सांगावे, अशी अपेक्षा होती, आणि ती रास्त होती.

सॉफ्टवेअर कसे होते

गणिताचा गाभा फोरट्रान 77 या जुन्या संगणकभाषेत, एका निवृत्त सहकाऱ्याच्या हातचा. पुढे त्यावर पायथन या दुसऱ्या भाषेचे आवरण चढले. दोहोंना जोडणारा दुवा नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीसोबत (लायब्ररी म्हणजे तयार कोडचा संच) येणाऱ्या एफटूपाय या साधनाने तयार केलेला होता. निकाल नेटसीडीएफ या आकडेवारी साठवण्याच्या प्रकारच्या फाइलमध्ये जात, आलेख मॅटप्लॉटलिबने निघत आणि नकाशावर किनाऱ्याची रेषा काढण्यासाठी कार्टोपाय ही लायब्ररी घेतलेली होती. या नावांपैकी प्रत्येकाच्या पोटात आणखी काही असते. नेटसीडीएफच्या खाली एचडीएफ5 असते आणि कार्टोपायच्या खाली प्रोज व जिऑस या सी आणि सी++ मधल्या लायब्ररी असतात. आमच्या संगणकांवर हे सगळे वर्षानुवर्षे थराथराने बसत गेले होते, त्यामुळे त्याचे ओझे आम्हाला जाणवत नव्हते.

सोबत दिलेली सूचनांची फाइल तीन पानांची होती. पायथन उतरवून घ्या, फोरट्रानचा कंपायलर (कोडपासून संगणकाला चालवता येणारी फाइल बनवणारा प्रोग्राम) बसवा, पुढील लायब्ररी पिपने (पायथनची पॅकेजे आणून बसवणाऱ्या साधनाने) घ्या, मग ही आज्ञा द्या. विंडोज वापरणाऱ्यांना कंपायलरचा त्रास नको म्हणून दुवा आधीच कंपाइल करून ती तयार फाइल आम्ही सोबत दिली होती. आज ती पाने वाचताना लक्षात येते, की ती वापरणाऱ्यासाठी लिहिलेलीच नव्हती. ते आमच्याच संगणकाचे आत्मचरित्र होते.

पहिला दिवस

वीस-बावीस जण आले होते. काहींनी स्वतःचे लॅपटॉप आणले होते, बाकीचे महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील संगणकांवर बसले होते. साडेनऊला सुरुवात झाली आणि अकरापर्यंत खोलीत किमान पाच वेगवेगळ्या प्रकारचे बिघाड उभे राहिले. त्या वेळी आम्हाला ते सगळे एकच वाटले, कारण काळ्या खिडकीत इंग्रजीच्या तीसचाळीस ओळी धावत जातात आणि शेवटी काहीतरी लाल दिसते, इतकेच समोरच्याला दिसत असते. दुपारच्या जेवणापर्यंत प्रोग्राम चालला तो फक्त तिघांकडे, आणि त्या तिघांपैकी एक आमचाच सहकारी होता. चहाच्या वेळी तिथल्या एका प्राध्यापिका म्हणाल्या, “सर, हे आमच्या मुलांच्या आवाक्यातलं दिसत नाही.” मी मान डोलावली, आणि त्या मान डोलावण्याचा मला अजून खेद होतो, कारण ते मुलांच्याच काय, आमच्याही आवाक्यात नव्हते.

त्या रात्री आम्ही प्रत्येक संगणकावरचा शेवटचा संदेश मोबाइलच्या छायाचित्रांवरून उतरवून काढला आणि तेव्हा कुठे चित्र स्पष्ट झाले.

पहिला आणि सर्वांत मोठा गट नव्याने पायथन उतरवलेल्यांचा होता. त्यांना त्या वेळची ताजी आवृत्ती म्हणजे 3.12 मिळाली होती, तर आमची तयार फाइल 3.11 साठी कंपाइल केलेली होती. अशा फाइलच्या नावातच आवृत्तीची खूण असते आणि खूण जुळली नाही तर पायथन ती फाइल विचारातच घेत नाही, त्यामुळे संदेश येतो तो ‘असे मॉड्यूल सापडत नाही’ असा. समोर फोल्डरमध्ये फाइल दिसत असताना ‘सापडत नाही’ असे वाचणाऱ्याने काय समजावे? काही विद्यार्थ्यांनी ती फाइल चार-चार ठिकाणी नकलून ठेवली होती. हुशार मुलांनी स्वतः कंपाइल करायचा प्रयत्न केला, पण 3.12 पासून पायथनमधून डिस्टयूटिल्स हा बांधणीसाठीचा जुना भाग काढून टाकलेला आहे आणि आमची बांधणीची फाइल पूर्णपणे त्यावर विसंबून होती.

दुसऱ्या गटाकडे 3.11 आधीपासून होते, तरीही प्रोग्राम चालेना. याचे कारण अधिक बोधक आहे. जून 2024 मध्ये नमपायची 2.0 ही आवृत्ती आली आणि तिच्यात लायब्ररीचा द्विमान पातळीवरचा सांधा, म्हणजे कंपाइल केलेल्या फाइली तिच्याशी ज्या पद्धतीने जोडल्या जातात ती पद्धत, बदलली. नमपाय 1 च्या घरात कंपाइल केलेले दुवे 2 मध्ये चालत नाहीत. उलट 2 च्या घरात कंपाइल केलेले दुवे 1 च्या अलीकडच्या आवृत्त्यांतही चालतात. आमच्या यादीत फक्त ‘नमपाय’ असे लिहिले होते, आवृत्ती नव्हती, त्यामुळे पिपने इमानेइतबारे सगळ्यांत नवे ते आणून दिले. मे महिन्यात आम्ही हीच तालीम स्वच्छ संगणकावर केली होती आणि ती पार पडली होती. आमच्या कोडमधले एक अक्षरही न बदलता ते दोन महिन्यांत मोडले.

लिनक्स असलेल्या काही संगणकांवर वेगळेच. तिथेही आम्ही तयार फाइल दिली होती, पण ती उबुंटू 22.04 वर बांधलेली होती, ज्यात सी भाषेची मूळ लायब्ररी जीलिबसी 2.35 असते, आणि प्रयोगशाळेत 20.04 होते, ज्यात ती 2.31 असते. जुन्या यंत्रणेवर बांधलेले नव्या यंत्रणेवर बहुधा चालते, नव्यावर बांधलेले जुन्यावर चालेलच असे नाही. म्हणूनच पायथनच्या जगात वाटपासाठी बांधणी मुद्दाम जुन्या यंत्रणेच्या आधारावर करतात. त्यासाठीच्या ‘मेनीलिनक्स2014’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मापदंडात जीलिबसी 2.17 गृहीत धरलेले आहे. आम्ही मात्र सर्वांत नवा संगणक बांधणीला निवडला होता, कारण तो वेगवान होता.

चौथा बिघाड शोधायला सर्वाधिक वेळ लागला. दोन लॅपटॉपवर सगळे नीट बसले, प्रोग्राम सुरूही झाला, पण इनपुटची फाइल उघडताना बंद पडला. फोरट्रानच्या गाभ्यात फाइलच्या नावासाठी 80 अक्षरांची जागा राखून ठेवलेली होती. आमच्या संगणकांवर मार्ग छोटे असत. विद्यार्थिनीच्या लॅपटॉपवर डेस्कटॉप हा वनड्राइव्हच्या आत, त्याच्या आत महाविद्यालयाच्या लांबलचक नावाचे फोल्डर, त्यात विषयाचे. 80 च्या पुढची अक्षरे मुकाट्याने कापली जात होती. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर वापरकर्त्याचे नावच देवनागरीत होते आणि ते फोरट्रानपर्यंत पोहोचेस्तोवर त्याचे भलतेच काही होत होते. मराठीत नाव लिहिणे हा काही गुन्हा नव्हे. दोष त्या 80 अक्षरांची आणि रोमन लिपीची गृहीते कधी न तपासणाऱ्या आमचा होता.

आणि पाचवे कारण सॉफ्टवेअरचे नव्हतेच. प्रयोगशाळेतील विंडोज संगणकांवर विद्यार्थ्यांना काहीही बसवण्याची परवानगी नव्हती, आणि संगणक पुन्हा सुरू झाला की डिस्क मूळ स्थितीला येईल अशी सोय केलेली होती. सव्वाबाराला वीज गेली. त्या ओळीत ज्या दोघांचे जमत आले होते त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. शिवाय वीस जण एकाच वेळी एकाच जोडणीवरून शेकडो मेगाबाइट ओढत होते, ते वेगळेच.

दुसऱ्या दिवशी आम्ही नमपाय 2 पेक्षा जुने हवे अशी एक अट यादीत घातली, 3.11 पेनड्राइव्हवरून वाटले आणि तीन-तीन जणांना एका चालत्या लॅपटॉपवर बसवून वेळ मारून नेली.

पर्यायांचा विचार

पुढच्या काही आठवड्यांत आमच्यात जो वाद झाला त्याचा पहिला मुद्दा हा होता, की इन्स्टॉल करायलाच का लावावे. सॉफ्टवेअर सर्व्हरवर ठेवले आणि ब्राउझरमधून वापरू दिले, तर वरीलपैकी एकही अडचण उरत नाही. हा युक्तिवाद मला अजूनही वजनदार वाटतो. पण मानशीपाशी उभ्या असलेल्या माणसाला नेटवर्क मिळेलच असे नाही, विद्यार्थ्यांना स्वतःच्या मोजणीच्या फाइली घालून कोडमध्ये फेरफार करायचे होते, आणि प्रकल्पाचा निधी संपल्यावर सर्व्हर कोण सांभाळणार याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. बंद पडलेल्या सर्व्हरवरचे सॉफ्टवेअर कोणाच्याच उपयोगाचे नसते. उतरवून घेतलेली प्रत निदान जिथे आहे तिथे चालत राहते.

गटातील सर्वांत तरुण सहकाऱ्याचा कल डॉकरकडे होता. सगळी यंत्रणाच एका डब्यात बंद करून द्यावी, म्हणजे आत काय आहे याची वापरणाऱ्याला फिकीर नको. आमच्या स्वतःच्या मोठ्या गणनांसाठी आम्ही हा मार्ग घेतलाही. सामायिक गणनयंत्रांवर डॉकरला लागणारे अधिकार कोणी देत नाही, म्हणून तिथे ॲपटेनर वापरले, जे 2021 पर्यंत सिंग्युलॅरिटी या नावाने ओळखले जात असे. पण विंडोजवर डॉकरसाठी आधी लिनक्सची उपयंत्रणा सुरू करावी लागते, कधी कधी संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये जाऊन आभासीकरण चालू करावे लागते, आणि या सगळ्याला प्रशासकाचे अधिकार लागतात. एका दाराची किल्ली नाही म्हणून दुसरे, अधिक भक्कम दार दाखवण्यासारखे ते झाले असते.

सर्व काही एकाच एक्झी फाइलमध्ये गुंडाळण्याचा प्रयोगही झाला. फाइल तयार झाली, चाललीही, पण दोन वेगवेगळ्या अँटिव्हायरसनी ती संशयित ठरवून उचलून नेली. पायइन्स्टॉलरने बांधलेल्या फाइलींच्या बाबतीत हा अनुभव अनेकांना येतो. शिवाय त्यातून प्रोग्राम चालतो, पण नोटबुकमधून, म्हणजे विद्यार्थी ज्यात कोडचे तुकडे लिहून लगेच चालवून पाहतात त्या पानातून, लायब्ररी म्हणून तो हाताळता येत नाही.

उरले दोन मार्ग: पिपसाठी ‘व्हील’ या प्रकारची, आधीच कंपाइल केलेली पॅकेजे बांधणे किंवा कोंडा या पॅकेजे बसवणाऱ्या दुसऱ्या साधनाचा मार्ग घेणे. व्हीलसाठी आता चांगली साधने आहेत. सीआयबिल्डव्हील एकाच सूचनापत्रावरून तिन्ही यंत्रणांसाठी आणि पायथनच्या प्रत्येक आवृत्तीसाठी बांधणी करून देते, आणि लागणाऱ्या लायब्ररी पॅकेजच्या पोटातच भरून देणारी साधनेही आहेत. आमचा आक्षेप त्या ‘पोटात भरण्याला’ होता. नेटसीडीएफचे व्हील स्वतःचे एचडीएफ5 घेऊन येते, एचडीएफ5 फाइली वाचणाऱ्या एच5पाय या लायब्ररीचे व्हील स्वतःचे, आणि विद्यार्थी दोन्ही एकत्र वापरतात. दोन प्रती एकाच प्रक्रियेत आल्या की निघणारे बिघाड उलगडायला आमच्याकडे माणूस नव्हता. कोंडामध्ये एका एन्व्हायर्नमेंटमध्ये (एका कामासाठी वेगळ्या ठेवलेल्या पॅकेजांच्या संचात) एचडीएफ5 ची एकच प्रत असते आणि सगळे तिच्यावरच बांधलेले असते. पायथनखेरीज इतर भाषांतील लायब्ररीही तिथे पॅकेज म्हणूनच मिळतात, त्यामुळे फोरट्रानचे रनटाइम (चालताना लागणाऱ्या फाइली) हाही आमचा प्रश्न राहत नाही. स्वयंसेवकांनी चालवलेल्या कोंडा-फोर्ज या भांडारात एकदा पाककृती, म्हणजे पॅकेज कसे बांधायचे याची सूचनाफाइल, स्वीकारली गेली, की विंडोज, मॅक आणि लिनक्सची बांधणी त्यांच्या यंत्रणेवर होते आणि नमपायसारख्या पायाभूत लायब्ररीची नवी पिढी आली की पुनर्बांधणीचा प्रस्ताव आपोआप येऊन पडतो. हा शेवटचा मुद्दा निर्णायक ठरला. जून 2024 ची पुनरावृत्ती कधी ना कधी होणारच, तेव्हा ती आमच्या स्मरणशक्तीवर सोडायची नव्हती.

कोंडा-फोर्ज हा अर्धा उपाय होता, कारण त्यालाही इंटरनेट आणि काळी खिडकी लागते. दुसरा अर्धा उपाय कन्स्ट्रक्टर या साधनाने मिळाला. ते कोंडाची ठरावीक पॅकेजे नेमक्या आवृत्त्यांसह एका इन्स्टॉलरमध्ये भरून देते, आणि तो इन्स्टॉलर इंटरनेटशिवाय, प्रशासकाच्या अधिकाराशिवाय, वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये बसतो. त्यामुळे आमच्याकडे दोन ठिकाणी दोन वेगळे नियम झाले. भांडारातील पॅकेजमध्ये आवृत्त्यांच्या अटी शक्य तितक्या सैल, जेणेकरून ते इतरांबरोबर नांदेल. इन्स्टॉलरमध्ये त्या शेवटच्या आकड्यापर्यंत घट्ट, जेणेकरून पेनड्राइव्हवरची प्रत सहा महिन्यांनीही तशीच चालेल. सुरुवातीला आम्ही दोन्हीकडे घट्ट अटी घातल्या होत्या आणि कोणाच्याही आधीच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये आमचे पॅकेज बसेना.

बांधणीपूर्वीची साफसफाई

खरे काम पॅकेज बनवण्याचे नव्हते, ते कमी करण्याचे होते. कार्टोपाय आम्ही केवळ गोव्याची किनाररेषा काढण्यासाठी वापरत होतो. ती रेषा एका छोट्या फाइलमध्ये सोबत दिली आणि एक अख्खा डोलारा उतरला. 80 अक्षरांची मर्यादा काढली, आणि त्याहून पुढे जाऊन फाइल उघडण्याचे काम फोरट्रानकडून काढून पायथनकडे दिले. गाभ्याला आता फक्त आकडे मिळतात, त्यामुळे नाव देवनागरीत असो की रोमनमध्ये, त्याला कळतही नाही. विंडोजवर फोरट्रान बांधणे तरीही कष्टाचे गेले, कारण तिथे पायथन मायक्रोसॉफ्टच्या सी कंपायलरने बांधलेले असते आणि त्या कंपायलरसोबत फोरट्रान येत नाही. त्या झटापटीचे तपशील इथे देत नाही.

अनपेक्षित अडथळा परवान्याचा निघाला. आमच्या कोडसोबत परवान्याची फाइलच नव्हती, आणि परवाना नसलेले कोड दुसऱ्याने वाटणे कायद्याला धरून नसते. भांडारही ते स्वीकारत नाही. संस्थेकडून मुक्त परवान्याची लेखी मंजुरी मिळवायला जितके महिने गेले, तितके सगळे तांत्रिक काम मिळूनही गेले नाहीत. त्यातच खारेपणाच्या समीकरणासाठी लागणारी त्रिकर्ण प्रणाली (एकमेकांत गुंतलेल्या समीकरणांचा एक संच) सोडवणारा भाग जुन्या सहकाऱ्याने एका पाठ्यपुस्तकातून जसाच्या तसा टंकित केलेला होता असे आढळले, आणि त्या पुस्तकातील कोड पुढे वाटण्याची मुभा नव्हती. तो भाग काढून लॅपॅक या मुक्त लायब्ररीतील तयार उपकार्यक्रम घातला. उत्तरे बाराव्या-तेराव्या दशांशात बदलली.

या बदलामुळे एक उपयुक्त सवय लागली. इन्स्टॉलेशन संपताच प्रोग्राम आता स्वतःची चाचणी घेतो: तीन दिवसांचे एक छोटे उदाहरण चालवून, मिळालेल्या पातळ्या साठवलेल्या पातळ्यांशी ताडून पाहतो. ताळा तंतोतंत मागता येत नाही, कारण वेगळा कंपायलर बेरजांचा क्रम बदलतो आणि शेवटचे अंक हलतात, म्हणून एक मिलिमीटरपर्यंतचा फरक मान्य केला आहे. मानशीच्या दाराला मिलिमीटर कळत नाही. चाचणी फसली तर मराठीत एक वाक्य येते आणि सगळा तपशील एका फाइलमध्ये साठतो. ती फाइल आम्हाला पाठवा, एवढेच त्या वाक्यात म्हटलेले आहे. पहिल्या दिवशी आम्ही छायाचित्रांवरून जे उतरवत बसलो होतो, ते आता आपोआप मिळते.

दुसरी फेरी

पुढची कार्यशाळा डिचोली तालुक्यात झाली. इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर होते. सव्वा तासाच्या आत सर्वांकडे पहिला आलेख निघाला, तोही मुख्यतः पेनड्राइव्ह हातोहात फिरायला लागलेल्या वेळामुळे. ज्या संगणकांची डिस्क मूळ स्थितीला येते, तिथे इन्स्टॉलर रोज नव्याने चालवावा लागतो. ती अडचण आहेच. इन्स्टॉलरवर डिजिटल स्वाक्षरी नसल्याने विंडोज निळ्या पडद्यावर इशारा देते आणि ‘अधिक माहिती’वर टिचकी मारल्याशिवाय पुढे जाण्याचे बटण दिसतच नाही. त्या पडद्याचे छायाचित्र आम्ही सूचनापत्राच्या पहिल्याच पानावर छापले आहे. अनोळखी इशाऱ्याकडे दुर्लक्ष करायला लोकांना शिकवणे मला पटत नाही, पण स्वाक्षरीच्या प्रमाणपत्राला दर वर्षी पैसे लागतात आणि त्यासाठी आमच्या अंदाजपत्रकात तरतूदच नाही.

दुपारी चोडणहून आलेल्या एका गृहस्थांनी आपल्या मानशीच्या जागेचा आलेख बराच वेळ न्याहाळला आणि विचारले, “सर, ही पातळी कुठून मोजलेली? आमचं दार उंबऱ्यापासून मोजतात.” आमचे आकडे सरासरी समुद्रसपाटीपासूनचे होते. त्यांच्या दृष्टीने शून्य म्हणजे दाराचा उंबरा, आणि तो प्रत्येक मानशीचा वेगळा. एवढ्या वर्षांत हा प्रश्न आम्हाला कोणी विचारला नव्हता, कारण तिथपर्यंत कोणी पोहोचलेच नव्हते. पुढच्या आवृत्तीत प्रोग्राम सुरू होताना उंबऱ्याची उंची विचारली जाईल. ती समुद्रसपाटीशी जोडून घेण्यासाठी पावसाळा सरल्यावर चोडण आणि दिवाडीच्या काही मानशींवर उंची मोजण्याचे काम हाती घ्यायचे आहे.